आजोबांचे नाव कोणत्या रजिस्टरात आहे? बौद्ध कुटुंबांसाठी वंशावळ शोधण्याची माहिती

सातारच्या सरकारी शाळेच्या, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कूलच्या, रजिस्टरात ७ नोव्हेंबर १९०० या तारखेला १९१४ या क्रमांकावर एक नोंद आहे : भिवा रामजी आंबेडकर. महाराष्ट्रात २०१७ पासून हा दिवस 'विद्यार्थी दिवस' म्हणून पाळला जातो. या एका ओळीत कुटुंबाचा केवढा तरी प्रवास आहे. घराण्याचे आडनाव सकपाळ, मूळ गाव मंडणगड तालुक्यातले आंबडवे, वडील सैन्यात असल्यामुळे मुलाचा जन्म महूचा आणि शाळेतली नोंद सातारची. बाबासाहेबांची चरित्रे लिहिली गेली म्हणून हे दुवे आपल्याला पाठ आहेत.

आता स्वतःच्या घराबद्दल विचारून पाहा. आजोबांचे नाव येते. पणजोबांचे? पणजीचे? तिचे माहेर कोणते? शिबिरात हा प्रश्न विचारला की बहुतेक तरुण दुसऱ्या पिढीपाशी थांबतात. या लेखात आपल्या कुटुंबांच्या नोंदी कुठे सापडतात, त्या कशा वाचाव्यात आणि हे काम वस्तीतल्या कार्यकर्त्यांनी गट करून कसे चालवावे, याची माहिती दिली आहे.

हे काम कशासाठी?

पहिले कारण रोजच्या जगण्यातले आहे. अनुसूचित जातींचा राष्ट्रपतींचा आदेश १० ऑगस्ट १९५० चा. त्यामुळे महाराष्ट्रात जातीचा दाखला आणि त्याची पडताळणी करताना त्या तारखेपूर्वीच्या वास्तव्याचा व जातीचा पुरावा मागितला जातो. १९९० च्या दुरुस्तीने बौद्धांचा त्या आदेशात समावेश झाला, पण पुराव्याची तारीख तीच राहिली. सोबत वंशावळीचे शपथपत्र द्यावे लागते. अर्जदारापासून जुनी नोंद असलेल्या पूर्वजापर्यंत नाते कसे पोचते, ते त्यात दाखवायचे असते. वडिलांकडील रक्ताच्या नात्यात कोणाचे वैधता प्रमाणपत्र आधी झालेले असेल तर काम पुष्कळ सोपे होते. नसेल तर धावाधाव सुरू होते, आणि नेमकी प्रवेशाच्या वेळी.

माझ्या कामाच्या वस्तीतली एक मुलगी अशीच अडकली होती. आजोबा १९७२ च्या दुष्काळात शहरात आलेले, शाळेत कधी गेले नाहीत, नावावर जमीन नाही. कागद काहीच नव्हता. एका पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात तिच्या वडिलांची आत्या सहज बोलून गेली, "आमचा थोरला चुलता दोन वर्षं शाळेत जायचा, बाहेर ओट्यावर बसायचा." त्या एका वाक्यावरून गावातली शाळा गाठली. १९३८ सालच्या पानावर चुलत्याचे नाव होते आणि जातीच्या रकान्यात 'हिंदू महार'. पुरावा कागदाने दिला खरा, पण त्या कागदापर्यंतचा रस्ता ऐंशी वर्षांच्या बाईच्या आठवणीत होता. तीन महिन्यांनी ती आत्या गेली. ते बोलणे राहून गेले असते तर?

दुसरे कारण त्याहून मोठे आहे. १९५६ च्या धम्मदीक्षेच्या वेळी जी मुले दहा वर्षांची होती, ती आज ऐंशीच्या आसपास आहेत. गाव कधी सोडले, गावकीची कामे कोणी झुगारली, दीक्षेला नागपूर-चंद्रपूरला कोण गेले, देव्हारा कोणी काढला, मुलीला पहिल्यांदा शाळेत कोणी घातले, हे सांगणारी ही शेवटची पिढी आहे. चळवळीचा इतिहास आपण नेत्यांच्या नावाने लिहितो. घरोघरी तो ज्यांनी घडवला, त्यांची नावे कुठेच लिहिलेली नाहीत.

आपला शोध वेगळा का?

इतर समाजांकडे वंशावळीची जुनी साधने आहेत. त्र्यंबकेश्वर, नाशिक, पैठण, हरिद्वार इथल्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत पिढ्यान्‌पिढ्यांची नावे असतात. दक्षिण महाराष्ट्रात हेळवी घराण्यांच्या वंशावळी सांगतात. ज्या समाजाला देवळात पाऊल ठेवू दिले नाही, ज्याला १९३० साली नाशिकला काळारामाच्या दारात सत्याग्रह करावा लागला, त्याला या वह्यांवर भिस्त ठेवून चालत नाही.

अमेरिका-इंग्लंडसारखी जनगणनेचीही सोय आपल्याकडे नाही. अमेरिकेत ७२ वर्षांनी आणि इंग्लंडमध्ये १०० वर्षांनी जनगणनेतल्या कुटुंबवार नोंदी लोकांसाठी खुल्या होतात. आपल्याकडे १९४८ च्या जनगणना कायद्याने व्यक्तींच्या नोंदी गोपनीय आहेत.

तरीही आपले पूर्वज कागदावर आहेत. सरकारला आणि गावाला ज्या ज्या वेळी त्यांच्या श्रमाची गरज पडली, त्या त्या वेळी त्यांची नावे लिहिली गेली आहेत : वतनाच्या नोंदीत, पलटणीत, गिरणीत, रेल्वेत, नगरपालिकेच्या हजेरीपटावर. शोध तिथून सुरू करायचा.

नोंदी कुठे शोधाव्यात?

शाळा. सर्वांत आधी प्राथमिक शाळेचे जनरल रजिस्टर पाहावे. त्यातून 'प्रवेश निर्गम उतारा' मागावा. फक्त आजोबांचे नाव शोधून थांबू नये. आजोबांचे भाऊ, चुलत भाऊ, पणजोबांचे भाऊ, सगळी नावे पाहावीत. शाळा बंद किंवा विलीन झाली असेल तर रजिस्टर कुठे हलवले, ते केंद्रशाळेत किंवा पंचायत समितीच्या शिक्षण विभागात विचारावे.

जन्म-मृत्यूच्या नोंदी. जन्म-मृत्यू नोंदणीचा सध्याचा कायदा १९६९ चा. त्याआधी गावपातळीवर गाव नमुना १४ मध्ये नोंद होई. ही रजिस्टरे बहुधा तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात असतात. विदर्भात याच कामाला 'कोतवाल बुक' किंवा 'कोतवाल पंजी' म्हणतात. गावातले जन्म-मृत्यू ठाण्यावर कळवणारा कोतवाल अनेक गावांत आपल्याच समाजाचा होता. साऱ्या गावाच्या मरणाची वर्दी पोचवणाऱ्यांच्या स्वतःच्या घरातल्या नोंदीही त्याच वहीत आहेत. या नोंदींत नावापुढे जात लिहिलेली असते, म्हणून पडताळणीत त्यांना वजन असते. मुंबईत मात्र महापालिकेच्या जुन्या नोंदी पाहाव्या लागतात.

वतनाचे कागद. पश्चिम महाराष्ट्रात हे सर्वांत भरवशाचे साधन. महार वतन हे इनाम वर्ग ६ ब मध्ये येई. १८७४ च्या वंशपरंपरागत अधिकार कायद्याखाली त्याच्या नोंदी ठेवल्या जात. वतन वारसाने चाले, त्यामुळे वारसांची नावे लिहिणे भाग होते. ज्या वतनाला बाबासाहेबांनी गुलामगिरी म्हटले आणि जे मोडण्यासाठी १९२८ साली मुंबई विधिमंडळात विधेयक आणले, त्याच वतनाच्या कागदांत आज आपल्या चार-पाच पिढ्यांची नावे मिळतात. १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ गावकामगारांची वतने गेली आणि जमिनी पुन्हा देण्याचे आदेश निघाले. त्या वेळचे फेरफार (गाव नमुना ६) आणि जुना सातबारा काढावा. एकेका फेरफारात भावकीतली दहा-वीस नावे सापडतात. काही जिल्ह्यांचे जुने सातबारा व फेरफार शासनाच्या 'आपले अभिलेख' या संकेतस्थळावर स्कॅन करून ठेवले आहेत, बाकी ठिकाणी तहसीलला नकलेचा अर्ज करावा. हे कागद जमिनीच्या हक्कासाठीही लागतात, म्हणून नक्कल जपून ठेवावी.

मराठवाडा आणि विदर्भ. मराठवाडा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. तिथे १९५४-५५ चे खासरा पत्रक उपयोगी पडते. त्याआधीचे पुष्कळ कागद उर्दूत आहेत, आणि संस्थानाच्या मध्यवर्ती दफ्तराचा मोठा भाग हैदराबादच्या राज्य अभिलेखागारात आहे. नागपूर विभागात १९५४-५५ चे अधिकार अभिलेख पाहावेत. ही साले १९५० नंतरची आहेत, पण त्यातली नावे त्याआधीच्या पिढीची असतात आणि पुढच्या शोधाला धागा मिळतो.

सैन्य. भीमा कोरेगावच्या स्तंभावर कोरलेल्या ४९ मृतांच्या नावांपैकी २२ नावांच्या शेवटी 'नाक' आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस महारांची भरती बंद झाली. पहिल्या महायुद्धात १९१७ साली १११ महार ही पलटण उभी राहिली आणि काही वर्षांत मोडली गेली. १९४१ साली महार रेजिमेंट स्थापन झाली. तिचे केंद्र आज मध्य प्रदेशात सागर येथे आहे. घरात जुने पदक असेल तर त्याची कड पाहावी : पहिल्या महायुद्धाच्या पदकांवर शिपायाचा नंबर, नाव आणि पलटण कोरलेली असते. निवृत्तिवेतनाचे कागद घरी नसतील तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात विचारावे. दोन्ही महायुद्धांत मृत्यू पावलेल्यांची नावे राष्ट्रकुल युद्धस्मारक आयोगाच्या संकेतस्थळावर विनामूल्य शोधता येतात.

शहरातले कागद. गिरणीचे हजेरी कार्ड, भविष्य निर्वाह निधीची पावती, रेल्वेचे किंवा नगरपालिकेचे सेवापुस्तक, बीडीडी किंवा बीआयटी चाळीची भाडेपावती, जुने रेशनकार्ड. सेवापुस्तकात मूळ गाव आणि वारसाचे नाव असते. चाळींचा पुनर्विकास होताना हे कागद रद्दीत जात आहेत. खोली रिकामी करण्याआधी पत्र्याची पेटी एकदा नीट उघडून बघा.

धम्माच्या नोंदी. १९५५ साली बाबासाहेबांनी स्थापन केलेल्या भारतीय बौद्ध महासभेच्या शाखांनी दिलेली दीक्षा व विवाहाची प्रमाणपत्रे, विहाराच्या वर्गणीच्या वह्या, समता सैनिक दलाच्या याद्या, लग्नपत्रिका, जयंतीच्या अहवालांतले फोटो. ज्यांनी दीक्षेनंतर नाव किंवा आडनाव बदलले, त्यांच्या बदलाची नोंद शासनाच्या राजपत्रात असू शकते. जुने आणि नवे नाव जोडणारा तो एकमेव कागद ठरतो.

पुराभिलेखागार. पुराभिलेख संचालनालयाची कार्यालये मुंबई, पुणे, कोल्हापूर, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथे आहेत. मात्र थेट तिथे जाऊ नये. घर, शाळा, तहसील या पायऱ्या झाल्या, गाव आणि साल पक्के झाले, की मग जावे.

जुनी नोंद वाचताना

जुन्या नोंदींत आडनाव क्वचितच असते. 'सखा बिन भिवा' किंवा 'सखा वलद भिवा' म्हणजे भिवाचा मुलगा सखा. 'सखू भ्रतार रामा', 'सखू कोम रामा' किंवा 'जौजे रामा' म्हणजे रामाची बायको सखू. आडनाव शोधत बसलात तर समोर असलेली नोंद हातची जाते.

जातीच्या रकान्यातही एकच शब्द सापडेल असे नाही. महार, मेहरा, तराळ, येसकर, परवारी, धेड, अस्पृश्य, हरिजन, आणि १९५६ नंतर बौद्ध किंवा नवबौद्ध. यातले काही शब्द अपमानाचे आहेत. नोंद उतरवून घेताना ती जशी आहे तशीच उतरवावी. पुराव्याचा कागद आपण दुरुस्त करायचा नसतो. आणि जातीच्या यादीत नसलेला शब्द नोंदीत निघाला तर त्याच कुटुंबाची दुसरी नोंद शोधून जोड द्यावी.

१९५० च्या आसपासपर्यंत गावदफ्तरात मोडी लिपी चालू होती. पुराभिलेख संचालनालय मोडीचे प्रशिक्षण वर्ग घेते. प्रत्येक तालुक्यात आपले दोन तरुण मोडी वाचणारे असले पाहिजेत. २०२३ साली न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीच्या कामासाठी कुणबी नोंदी शोधायला राज्यभर तहसील, शाळा आणि भूमी अभिलेख कार्यालयांची दप्तरे उघडली गेली, मोडी वाचक बसवले गेले. ठरवले तर काय निघू शकते ते त्यातून सर्वांना दिसले. आपल्या वस्त्यांच्या नोंदीही त्याच दप्तरांत आहेत. त्या शोधायला सरकार समिती नेमेल याची वाट कशाला पाहायची?

निम्मी वंशावळ कुठे गेली?

शपथपत्रातली वंशावळ बापाकडून बापाकडे जाते. त्यात आई नाही, आजी नाही, आत्याही नाही. पडताळणीसाठी तेवढे पुरते, आपल्या इतिहासासाठी पुरत नाही.

जगभरचे वंशावळ अभ्यासक क्रमांकांची एक सोपी पद्धत वापरतात. स्वतःला १ क्रमांक द्या. वडील २, आई ३. वडिलांचे वडील ४, वडिलांची आई ५, आईचे वडील ६, आईची आई ७. कोणाच्याही क्रमांकाची दुप्पट केली की त्याचे वडील आणि त्यात एक मिळवला की आई. चार पिढ्यांचे १५ आणि पाच पिढ्यांचे ३१ रकाने होतात. कागदावर हे मांडले की विषम क्रमांकांचे रकाने रिकामे दिसू लागतात. ते सगळे बायकांचे असतात.

ते भरण्यासाठी बायकांशीच बोलावे लागते. माहेरचे नाव, लग्नानंतर बदललेले नाव, किती मुले झाली आणि किती जगली, कोणत्या गावाला कामाला गेल्या, हे त्या सांगतात. जात्यावरच्या ओव्यांतही गावांची, नात्यांची आणि भीमाची नावे येतात. गी प्वातवँ आणि हेमा राईरकर यांनी अशा एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. म्हणजे आज्यांच्या आठवणीला दस्तऐवजाची योग्यता आहे, हे आता नव्याने सिद्ध करायला नको.

गट कसा उभारावा?

ही कामे एकट्यादुकट्याने होत नाहीत. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचा अनुभव इथे उपयोगी आहे. १८५० आणि १८६० च्या जनगणनेत गुलामांच्या याद्यांवर नावे नव्हती. मालकाच्या नावाखाली फक्त वय, लिंग आणि रंग लिहिलेला असे. बहुसंख्य कृष्णवर्णीय माणसे नावानिशी पहिल्यांदा नोंदली गेली ती १८७० साली. या भिंतीपलीकडे जाण्यासाठी १९७७ साली वॉशिंग्टनमध्ये 'आफ्रो-अमेरिकन हिस्टॉरिकल अँड जीनिऑलॉजिकल सोसायटी' स्थापन झाली. ती स्वयंसेवकांच्या बळावर चालते, तिच्या शहरोशहरी शाखा आहेत. पुढे २०१५-१६ मध्ये गुलामीतून मुक्त झालेल्यांच्या सरकारी दफ्तरातली सुमारे १८ लाख नावे २५ हजारांहून अधिक स्वयंसेवकांनी एकेक वाचून शोधण्याजोगी केली. त्यांनी हे सुट्टीच्या दिवशी, घरी बसून केले.

आपल्याकडे विहार आहे, वर्षावासाचे तीन महिने आहेत, रविवारची वंदना आहे. सुरुवातीला पाच-सात जण पुरेत. कामाची वाटणी अशी करता येईल :

– दोघांनी ज्येष्ठांच्या मुलाखती घ्याव्यात. यात किमान एक मुलगी असावी.
– एकाने तहसील, शाळा आणि नकलांचे अर्ज सांभाळावेत. नक्कल नाकारली तर माहिती अधिकारात अर्ज करावा. उत्तराची मुदत ३० दिवसांची आहे.
– एकाने मोडी शिकावी. मराठवाड्यात असाल तर उर्दू वाचणाऱ्याची मदत घ्यावी.
– एकाने कागदांचे फोटो काढून नाव, गाव, साल आणि मूळ कागद कुठे आहे याची नोंदवही ठेवावी.

महिन्यातल्या एका रविवारी विहारात बसावे. ज्याला दाखल्याची अडचण आहे त्याने यावे, ज्याच्याकडे जुना कागद आहे त्यानेही यावे. एका गावातून आलेली कुटुंबे एकत्र बसवली की एकाचा कागद चौघांच्या कामी येतो. दहावी-बारावीची मुले असलेली घरे आधी घ्यावीत.

ज्येष्ठांना विचारताना 'तुमचा इतिहास सांगा' असे म्हटले की ते गप्प होतात. साधे विचारावे. तुमचे लहानपणीचे घर कुठे होते? पाणी कुठून आणायचात? येसकरकीची पाळी कोणाची असायची? शहरात पहिल्यांदा कोणाच्या खोलीवर उतरलात? बाबासाहेबांना पाहिले होते का? सोबत जुना फोटो ठेवला तर बोलणे आपोआप पुढे जाते.

पाळायचे नियम

मूळ कागद कोणाकडूनही घेऊन जाऊ नये. घरातच फोटो काढून परत द्यावा. दाखले, आधार, शपथपत्रे व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नयेत. जिवंत व्यक्तींची माहिती त्यांच्या संमतीशिवाय इंटरनेटवर चढवू नये. दुसरे लग्न, टाकलेली बायको, दत्तक मूल अशा गोष्टी निघतात. ज्याची गोष्ट त्याने परवानगी दिली तरच ती लिहावी. या कामाचे पैसे घेऊ नयेत. दाखल्यांच्या एजंटांनी गरिबांना पुरेसे लुटले आहे.

आणि खोटी वंशावळ कधीही जोडू नये. आडनाव सारखे आहे म्हणून दुसऱ्याच्या कुटुंबाला आपले नाते लावणे हा गुन्हा आहे, आणि एक खोटा कागद पकडला गेला की पुढच्या दहा खऱ्या अर्जांकडे संशयाने पाहिले जाते.

शेवटचा नियम स्वतःसाठी. वंशावळ हाती आली की घराणे, कूळ, पोटजात यांचा अभिमान मागच्या दाराने आत येतो. आपण मूळचे अमुक राजवंशाचे, असे सांगणारेही भेटतात. वसल सुत्तात भगवंतांनी सांगितले आहे की माणूस जन्माने नीच ठरत नाही आणि श्रेष्ठही ठरत नाही, तो ठरतो कर्माने. आपला पणजोबा राजा होता की येसकर, हे शोधण्यासाठी हे काम नाही. तो माणूस होता, त्याला नाव होते, आणि त्याच्या बायकोलाही होते, एवढे कागदावर यावे.

येत्या रविवारी विहारात जाताना एक कोरी वही घेऊन जा. पहिल्या पानावर १ ते १५ आकडे लिहा. जी नावे येतात ती भरा. जी येत नाहीत ती ज्यांना माहीत असतील, त्यांच्या घरी त्याच दिवशी जा.

जय भीम. नमो बुद्धाय.